लिंबाच्या पाल्याची नऊ पोती

आमच्या दिवाणखान्याच्या छतातले चौदा हॅलोजन काढून त्या जागी दुसरे चौदा बसवावे लागले, ही गोष्ट आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वायरमनने काम कच्चं केलं होतं म्हणून ते काढावे लागले, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती मी पसरवली.

मी बिदर जिल्ह्यातल्या शाळांमधून मराठी आणि गणित शिकवलं, शेवटी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. आता ऐंशीच्या घरात आहे. लोक अजून वाकून नमस्कार करतात. तो नमस्कार घेताना अलीकडे मी नजर चुकवतो. म्हणून हे जसं घडलं तसं लिहितो.

आमचं घर निवृत्तीच्या आधी बांधलेलं. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशीचं छत, जसं तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या नोकरदारांच्या घरांना असे. उन्हाळ्यात ती फरशी तव्यासारखी तापते आणि संध्याकाळी पंखा लावला की पंखा तीच धग खाली ढकलतो. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. पुढे मुलगा पुण्याला कंपनीत लागला. नव्या शतकाची पाच-सहा वर्षं झाली असतील, तो एकदा घरी आला, दिवाणखान्यात आडवा पडून वर बघत राहिला आणि म्हणाला, "पप्पा, हे गर्डर दिसतात ना, गोडाऊनमध्ये बसल्यासारखं वाटतं."

तोपर्यंत मला ते गर्डर कधी दिसलेच नव्हते. त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना. कुणी पाहुणा आला की त्याची नजर वर जाते का, हे मी बघत बसायचो. शेजारी एका कंत्राटदाराने पीओपीचं छत करून घेतलं होतं. पांढरंशुभ्र, कडेने वेलबुट्टी, आणि त्यात खोबणी करून बसवलेले दिवे. खाली उजेडाचे गोल पडायचे. मला तेच हवं झालं. किंवा मला हवं आहे असं मी ठरवलं. आता आठवलं की त्या हव्यासाचीच शिसारी येते.

पीओपीचे कारागीर हैदराबादहून आले. वायरिंगला मी बोलावला तो माझाच विद्यार्थी. मी कमठाण्याच्या शाळेत होतो तेव्हा पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होता. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. वडिलांच्या वेळेपर्यंत कळप होता, मग कळप गेला, थोडी शेती आणि रोजगार राहिला. हा दहावीनंतर पुण्याला गेला, सात-आठ वर्षं मोठ्या इमारतींवर वायरमनचं काम शिकला आणि परत आला. बिदरात स्वतःचं छोटं दुकान टाकलं. छतात दिवे बसवण्याचं काम आमच्या भागात तेव्हा तो एकटाच नीट करायचा. कॉलनीतली आणखी सहा-सात घरं माझं छत बघून ठरवणार होती. एक डॉक्टर नवा दवाखाना बांधत होते. त्यांची पत्नी माझ्या बायकोची मैत्रीण. "सर, तुमचं घर चांगलं झालं की माझं नाव झालं बघा," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. माझ्या छतावर त्याचं पुढचं सगळं टांगलेलं होतं आणि हे मला माहीत होतं.

काम त्याने मन लावून केलं. पांढऱ्या छताच्या आणि जुन्या फरशीच्या मध्ये दीड-दोन हातांची पोकळी राहिली. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून त्या पोकळीत डोकावता येईल अशी एक चौकोनी खिडकी त्याने ठेवून घेतली. दिवे पेटवून दाखवल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एक ध्यानात ठेवा. ह्यो दिवा खालनं उजेड देतो, पण वरनं लई तापतो. वरची जागा मोकळी पाहिजे. तिथं काय म्हणजे काय ठेवायचं न्हाई. जुनी वही सुदिक न्हाई."

"मी काय तिथं वह्या ठेवणार आहे?"

"तसं न्हाई सर. लोकं माळा समजून सामान सारतेत. पुण्यात बघितलंय मी."

मी मान हलवली. वर्गात एखादा पोरगा जास्त बोलायला लागला की मी जशी हलवायचो तशी.

पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की छत पांढरं झालं तरी फरशी तापायची थांबत नाही. उलट ती धग मधल्या पोकळीत कोंडायची आणि पार अंधार पडेपर्यंत खाली झिरपत राहायची. तेव्हा मला माळवद आठवलं. आमच्याकडे जुनी घरं मातीच्या छताची असत. लाकडाच्या फळ्यांवर तरवडाच्या फांद्या, त्यावर कडुलिंबाचा पाला दाबून भरायचा आणि वर पांढरी माती. पाल्याने गारवा राहतो, वाळवी लागत नाही. लहानपणी मी स्वतः पाला वाहिलेला. मला वाटलं, हे पुण्यात शिकून आलेल्याला काय माहीत? आपली माणसं शेकडो वर्षं करत आली आहेत.

शाळेच्या आवारात लिंबाची पाच झाडं होती. पुढच्या माघात पानगळ झाली तेव्हा मी जुन्या ओळखीवर शिपायाला सांगून पाला गोळा करवला, गच्चीवर वाळवला आणि तुरीच्या रिकाम्या पोत्यांत भरायला बसलो. बायको जिन्यात उभी राहून बघत होती.

"हे कामून भरायलाव? शेळ्या पाळायच्यात का आता?"

"छतावर टाकणार आहे. गारवा राहतो."

"त्यानं सांगितलंय न्हवं, वर काय ठेवू नका म्हणून?"

"त्याला काय कळतंय? परवापर्यंत माझ्यापुढं सतराचा पाढा चुकत होता."

ती हसली. मीही हसलो.

नऊ पोती झाली. वजनाला काहीच नाहीत. पीओपीचं छत हूं की चूं न करता पेलेल इतकी हलकी. माळ्यावर चढून मी एकेक पोतं त्या खिडकीतून आत सारलं आणि लांब वेळूने ढकलत ढकलत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नेलं. दिव्यांच्या पाठी कुठे आहेत ते वरून दिसत होतं. पत्र्याच्या उपड्या पेल्यांसारख्या त्या पाठी आणि शेजारी काडेपेटीएवढे ट्रान्सफॉर्मर. मी पोती त्यांच्यावरच बसवली. जागा सोडली असती तर तिथून धग आली असती, असा माझा हिशेब. दोन दिवसांत खोली खरंच थोडी गार वाटली. मी वायरमनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काढा म्हणाला असता, आणि माझ्याच घरात माझ्याच विद्यार्थ्याने मला चूक दाखवली असती.

वीसेक दिवसांनी पहिला दिवा गेला. निरोप धाडला, तो आला, शिडी लावली, दिव्याची चकती फिरवून काढली. खोबणीतून त्याच्या तोंडावर तपकिरी भुगा पडला. पाखरं, चिलटं, उडत्या मुंग्या, सगळं भाजून तपकिरीसारखं झालेलं. त्याने तोंड पुसलं, नवा दिवा फडक्यात धरून बसवला. हॅलोजनच्या काचेला बोट लागू द्यायचं नसतं. दहा दिवसांनी दुसरा गेला. मग दोन एकदम. दर वेळी तो यायचा, दर वेळी जास्त गप्प असायचा. गेलेले दिवे तो खिशात घालून न्यायचा, म्हणायचा, कंपनीचा माल खराब आला असेल, बदलून आणतो. चौथ्या की पाचव्या खेपेला शिडीवर उभा असताना त्याने नाक वर करून हवा हुंगली.

"सर, कशाचा वास येतोय?"

"कशाचा? मच्छर अगरबत्तीचा असेल."

"न्हाई, लिंबाचा वास हाय. आमच्यात वाड्यावर मेंढरास्नी डास चावू ने म्हणून लिंबाचा पाला धुमसत ठेवतेत बघा, तसा."

"शेजारी जाळत असतील."

तो खाली उतरला. हात पुसत म्हणाला, "एकडाव माळ्यावर चढून वरनं बघतो सर. तिकडनं कळंल."

मी म्हणालो, "आत्ता नको. आत स्वयंपाक चाललाय, ती सोवळ्यात आहे."

आमच्या घरात वीस वर्षांत कुणी सोवळं पाळलं नव्हतं. बायको आत ओट्याशी उभी राहून रेडिओ ऐकत कणीक मळत होती. बाहेर ऐकू येत होता तो रेडिओ. पण ते वाक्य तोंडातून अगदी सहज आलं, माझ्या बापाच्या तोंडून यावं तसं. आणि त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. त्याने नजर खाली घातली, "बरं सर" म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला. हे वाक्य मला माझ्या पोत्यांपेक्षा जास्त घाणेरडं वाटतं. पोती मूर्खपणाची होती.

चैत्रात बायकोने हळदीकुंकू ठेवलं. गौर मांडली, आरास केली, कॉलनीतल्या पंचवीस-तीस बायका बोलावल्या. सगळ्यांनी छत बघावं हा त्यातला अर्धा हेतू. दुपारी तीनपासून चौदाच्या चौदा दिवे चालू. मी मागच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. बाहेर आंबेडाळीच्या वाट्या फिरत होत्या, पन्हं चाललं होतं, आणि डॉक्टरांच्या पत्नी मोठ्याने विचारत होत्या, "हे दिवे कुणी बसवलेत हो? आमच्या दवाखान्यालाही असेच हवेत."

त्यानंतर किंकाळी.

मी धावलो. एका बाईच्या हातातल्या वाटीत, आंबेडाळीवर, एक पाल पडली होती. पाल कसली, तिचा कोळसा. खोबणीत शिरून भाजून निघालेली, शेपूट वळलेली, पोट फुटलेलं. बाईने वाटी फेकली तशी डाळ आणि पाल दोन्ही दुसऱ्या बाईच्या पैठणीवर. कुणी म्हणत होतं पाल उजव्या हातावर पडली की काय फळ असतं, कुणी ओकारी काढत मोरीकडे पळालं. तेवढ्यात त्याच दिव्यातून पिवळट काळं पाणी ओघळायला लागलं, कडवट, चिकट, आणि त्याच्या मागून धूर. जाड, बसका, गोठ्यातला धूर. पांढऱ्या छतावर दिव्याभोवती ताटाएवढा तपकिरी डाग माझ्यादेखत पसरत गेला. मी मेन स्विच पाडला. बायका पदर नाकाला लावून गौरीला हातही न जोडता बाहेर पडल्या. डॉक्टरांच्या पत्नी दारात थांबून म्हणाल्या, "नशीब, घरच्या घरी कळलं. दवाखान्यात पेशंटच्या अंगावर पडलं असतं."

बायकोने वायरमनला फोन लावला. तो हुमनाबादला कामावर होता. उद्या सकाळी पहिल्या गाडीने येतो म्हणाला.

उद्या सकाळी. म्हणजे माझ्या हातात एक संध्याकाळ होती. उजेड होता तोवर मी माळ्यावर चढलो. वेळूच्या टोकाला विळा बांधला आणि एकेक पोतं ओढून काढलं. सहा पोती तांबूस पडलेली होती, दिव्यांच्या पाठींच्या आकाराचे गोल डाग उठलेले. सातवं आणि आठवं काळं. नववं धुमसून फुटलं होतं. त्याचे तुकडे आले, बाकीचं तिथेच राहिलं. उंदरांनी त्या उबेत घरटी केली होती. एका पोत्यातून गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं खाली पडली, भाजलेली. मी ती कागदात गुंडाळली. माझ्या धोतराला, हाताला, मिशीला तो कडू वास बसला होता. पोती कॉलनीच्या मागच्या नाल्यात नेऊन टाकली. दोन फेऱ्या झाल्या.

बायको माळ्याखाली उभी होती. म्हणाली, "आता त्याला काय सांगणार?"

"काम कच्चं होतं, हे सांगणार."

"तुमी?"

"मग काय सांगू? हेडमास्तराने स्वतःच्या घराला आग लावून घेतली म्हणू?"

तिने मोरीतून गरम पाण्याची बादली आणून माझ्यासमोर ठेवली. तिने ओरडायला पाहिजे होतं असं मला पुढे वाटत राहिलं. म्हणजे त्यातही मी माझा दोष तिच्याकडे थोडा सरकवतच होतो.

सकाळी तो आला. शेजारचे कंत्राटदारही बघायला आलेले. या वेळी मी त्याला स्वतःहून माळ्यावर चढवलं. आता सोवळं आड येत नव्हतं. तो बराच वेळ वर होता. उतरला तेव्हा त्याच्या चिमटीत काहीतरी होतं. पानांची राख. त्याने ती बोटांवर चोळली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, वर काय होतं?"

"काय असणार? तुझ्या वायरी होत्या."

"न्हाई सर, वर..." त्याने कंत्राटदारांकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी वर्गात बघायचो तसंच बघत होतो. त्याने बोटं पँटला पुसली. "चौदाच्या चौदा मी बदलून देतो. माझ्या हातानं. तुमी फकस्त कुणाला काय बोलू नका, एवढं करा. ती दवाखान्याची बाई होती म्हणतेत काल."

"ते बघू. तू आता काही हात लावू नकोस."

त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि गेला. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

आमच्या गावात इलेक्ट्रिक सामानाचं एक जुनं दुकान आहे. दुकानाच्या बाहेर लांब बाकडं. घर बांधणारा माणूस तिथे येतो, वायर-बटणं बघतो आणि विचारतो, काम कुणाला द्यावं? दुकानदार आणि बाकड्यावर बसलेले मिस्त्री, कंत्राटदार, रिकामे लोक, जे नाव घेतील त्याला काम मिळतं. बाकड्यावर ज्याचं नाव घेतलं जात नाही, त्याला बिदरात काम नाही. हे मला माहीत होतं. त्याच दिवशी दुपारी मी तिथे गेलो. नवे दिवे बघायला, असं निमित्त.

"आओ सर, बैठो," दुकानदार त्याच्या दखनीत म्हणाला. "सुना मैंने. धुआं निकला कते घर में?"

मी सगळं सांगितलं. पाल, पैठणी, धूर. सांगताना रंग भरला. लोक ऐकत होते, तेव्हा मला वर्गात गोष्ट सांगताना चढायचं तसं चढलं. कुणीतरी विचारलं, "पण तो तर पुण्याला शिकून आलेला, चांगला हाय म्हणतेत की?"

आणि मी म्हणालो, "मेंढरं हाकायची सोडून वायरी ओढायला लागले की हेच व्हायचं. त्याने माझ्या छताला पण मेंढरांच्या वाड्यासारखी धुरी दिली."

सगळं बाकडं हसलं. दुकानदार हसताना खोकायला लागला. मीही हसलो. चांगला खुसखुशीत विनोद जमला, असं मला वाटलं होतं, हे मी लपवत नाही. पंधरा दिवसांत ते वाक्य गावभर झालं. लोक त्याला बघून "मेंढरवाला वायरमन" म्हणायला लागले. कुणी त्याच्या मागे तोंडाने बकरीसारखा आवाज काढायचं.

मी गुलबर्ग्याकडचा दुसरा वायरमन आणला. त्याने दोन दिवसांत जुने चौदा दिवे काढले, नवे चौदा बसवले. डाग पडलेलं छत रंगवून घेतलं. आणि मग व्हायचं तेच झालं: दिवे टिकले. वर्ष गेलं, दुसरं गेलं, एकही दिवा उडाला नाही. वर पोतीच नव्हती, उडणार कसे? पण येणारा प्रत्येक जण मान वर करून म्हणायचा, "बघा, काम करणारा पाहिजे." मी मान हलवायचो. डॉक्टरांचा दवाखाना त्या गुलबर्ग्याच्या माणसाला मिळाला. कॉलनीतली घरंही. संध्याकाळी बटण दाबलं की चौदा जागी चौदा खोटे साक्षीदार पेटायचे, आणि मी त्यांच्या उजेडात बसून पाहुण्यांशी गप्पा मारायचो.

माझ्या विद्यार्थ्याचं दुकान सहा-सात महिन्यांत बंद झालं. तो हुमनाबादला गेला. एकदा पुण्याच्या गाडीची वाट बघत मी तिथल्या स्टँडबाहेर उभा होतो. रस्त्यापलीकडे ढाब्याजवळ एका लॉरीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, मग माणूस बाहेर आला. तोच. हातभर काळं ऑइल, तोंडात वायरचा तुकडा. मला बघून त्याने वायर तोंडातून काढली आणि कपाळाला हात लावला. "नमस्कार सर. गावाकडं जायलाव का?" मी म्हणालो, "नाही, पुण्याला." आणि गाडी आली नव्हती तरी आल्यासारखा चालायला लागलो.

पाच वर्षांनी मुलाने नवं खूळ काढलं. हॅलोजनला वीज फार लागते, आता एलईडी आलेत, सगळे बदलून घ्या. पुन्हा चौदा दिवे काढायचे. बायको मधल्या काळात गेली होती. घरात मी एकटाच. या खेपेला आलेला वायरमन भालकीकडचा, पन्नाशीचा, बडबड्या. तो माळ्यावरून आत डोकावला आणि तिथूनच ओरडला, "मास्तर, वरची लाइन कुणी ओढलीय हो?"

मी गुलबर्ग्याच्या माणसाचं नाव सांगितलं.

"छ्या! त्यानं फकस्त खालचे दिवे आन् ट्रान्सफॉर्मरचे डबे बदललेत. लाइन जुनीच हाय. प्रत्येक जोडाला नळी घातलीय, प्रत्येक दिव्याला येगळी वायर, नंबर टाकून ठिवलेत. एवढी आग लागली म्हणतेत इथं, पण ह्याची वायर कुठं फुटली न्हाई, म्हणून तुमचं घर वाचलं. नायतर त्याच दिवशी गेलं असतं. कोण होता?"

मी माळ्याखाली शिडी धरून उभा होतो.

"अन् हे काय मास्तर?" त्याने हात खाली केला. हातात जळक्या तागाची चिंधी होती. नवव्या पोत्याची. "पोतं? दिव्यावर पोतं कुणी ठिवलं? माणूस हाय का जनावर?"

पाच वर्षं माझ्या डोक्यावर माझ्या विद्यार्थ्याचंच काम जळत होतं. मी त्याला म्हणालो, "मी ठेवलं." तो हसला, त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाकड्यावर गेलो. तोच दुकानदार, अर्धे तेच लोक. मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. माझ्या घरी पाल पडली, धूर झाला, त्यात त्या पोराची काही चूक नव्हती. वर लिंबाच्या पाल्याची नऊ पोती मी ठेवली होती. त्याने नको सांगितलं होतं तरी ठेवली."

मग शेजारचे कंत्राटदार म्हणाले, "सर, जाऊ द्या की आता. इतक्या वर्षांनी तुम्ही त्याची चूक स्वतःवर घ्यायलाव."

"घेत नाही. माझीच होती."

"हौ सर, हौ," दुकानदार म्हणाला. "उस्ताद और बाप एक. शागिर्द का ऐब कौन उस्ताद बोलता? आपका दिल बडा है."

"अहो, मी खरं सांगतोय. पोती मी..."

"अशी माणसं आता न्हाईत," कुणीतरी मागून म्हणालं. "पोरानं घर जाळलं, तरी सर त्याला झाकायलेत."

चहा आला. माझ्या हातात पहिला कप दिला. मी तो प्यालो. थुंकून टाकायला हवा होता; प्यालो, आणि वर साखर कमी आहे का विचारल्यावर "ठीक आहे" म्हणालो. मी निघालो तेव्हा बाकड्यावरचे दोघे उठून उभे राहिले. कबुली द्यायला गेलो आणि आणखी मान घेऊन आलो.

पुढचे आठ-दहा दिवस मी भेटेल त्याला सांगत राहिलो. देवळात, बँकेच्या रांगेत, डॉक्टरांच्या दवाखान्यात. जितकं सांगावं तितकी माझी कीर्ती वाढत होती. मग एका सकाळी फोन आला. त्याचा.

"सर, मी बोलायलोय." आवाज जाड झाला होता. मागे लॉरीचं इंजिन चालू होतं. "तुमी लोकास्नी सांगायलाव म्हणं, पोत्याचं."

"हो. खरं तेच सांगतोय. फार उशीर झाला, पण..."

"ते आता बंद करा सर, पाया पडतो. लोकं इसरून गेली होती. इथं हुमनाबादेत तर कुणाला ठावंच न्हवतं. आता तिकडनं लॉरीवाले येऊन इचारायलेत, तुमीच का मास्तराचं घर जाळणारं? तुमी जितकं बोलायलाव तितकं माझंच नाव निघायलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"पोत्याचं मला त्याच दिशी कळलं होतं," तो म्हणाला. "राख लिंबाची होती. मी मेंढराच्या वाड्यावर वाढलेला माणूस, मला लिंबाची राख कळत न्हाई का?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणापुढं बोलू? सर खोटं बोलतेत म्हणू?" इंजिन बंद झालं आणि त्याचा आवाज एकदम जवळ आला. "पोत्याचं जाऊ द्या. चूक कुणाकडनं बी व्हती. मला एकच इचारायचं हाय. ते मेंढराचं... मेंढरं हाकायची सोडून, असं. माझी पोरगी शाळेतनं रडत आली होती त्या पायी. लोकं म्हणतेत ते तुमी बोलला. मी म्हणतो, न्हाई, सर असं बोलणार न्हाईत, दुकानावरच्या कुणीतरी जोडलं असंल. तुमीच बोलला का सर?"

बाकड्यावर कबुली देताना मी ते वाक्य वगळलं होतं. देवळात, रांगेत, सगळीकडे वगळलं होतं. पोती सांगायला सोपी होती. त्यात मी फक्त मूर्ख ठरत होतो.

मी म्हणालो, "मला आठवत नाही रे. बरीच वर्षं झाली."

"तेच म्हणलं मी," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण उतरलेला मला स्पष्ट ऐकू आला. "तुमी न्हाई बोलणार. बरं ठिवतो सर. तब्येतीला जपा."

त्याने सांगितलं तसं मी बोलणं बंद केलं, आणि इथेही त्याचं नाव लिहिलेलं नाही. माझंही लिहिलेलं नाही. त्यात माझी सोय आहे हे मला कळतं. पण ते वाक्य मला आठवतं. शब्दन् शब्द आठवतं. ते मी बोललो, दुपारी, आठ-दहा माणसांसमोर, शुद्धीवर असताना. दुकानावरच्या कुणी त्यात काही जोडलं नाही. लोक हसले, आणि त्यांच्या आधी मी हसलो होतो.